हरिश्चंद्रगडाची वाट निवडताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाचा बेत ठरला की बहुतेक गट आधी तारीख ठरवतात, मग गाडी, मग जेवण, आणि वाट सर्वांत शेवटी, तीही कोणीतरी पाठवलेली चित्रफीत पाहून. सुमारे 1400 मीटर उंचीचा हा गड ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेजवळ पसरलेला आहे. पायथ्याचे पाचनई गाव घाटमाथ्यावर असल्यामुळे तिथवर बरीचशी उंची गाडीनेच चढून होते आणि पुढे दोन ते तीन तासांत माणूस गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचतो. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चार ते पाच तास लागतात. गडाच्या कोकणाकडील उभ्या कड्याच्या, म्हणजे कोकणकड्याच्या, पायथ्याशी असलेल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढायचे तर आठ-नऊ तास धरावेत, आणि तेही सवयीच्या माणसांसाठी.

यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे नळीची वाट नावासाठी निवडणे. ही वाट म्हणजे कड्यालगतची धोंड्यांनी भरलेली अरुंद घळ आहे. तिच्यात कातळटप्पे आहेत, घसारा म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी आहे, आणि वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला चुकवायला जागा नसते. नकाशावर बेलपाडा आणि कोकणकडा जवळजवळ दिसतात, हे खरे. पण ते अंतर आडवे नसून उभे आहे, याचा नवख्यांना विसर पडतो.

एका डिसेंबरात आम्ही उजाडताच बेलपाड्याहून निघालो होतो. आमच्यामागून एक गट अकराच्या सुमारास निघाला. गावातला वाटाड्या बरोबर घ्या, असे गावकऱ्यांनी सांगितले होते. त्यावर वाट मोबाइलमध्ये आहे, असे उत्तर त्यांनी दिले. आम्ही संध्याकाळी कड्यावर टेकलो तेव्हा खालून हाका ऐकू येऊ लागल्या. गटातला एक मुलगा, ज्याने त्याआधी एकही गड चढलेला नव्हता, कातळटप्प्याच्या मध्यावर थिजून बसला होता आणि त्याच्यामागे सारा गट अडकला होता. दोर त्यांच्याकडे होता, परंतु तो कसा बांधायचा हे कोणालाच येत नव्हते. आमच्याबरोबरचा बेलपाड्याचा वाटाड्या विजेरी घेऊन खाली उतरला आणि त्याने एकेकाला वर आणले. शेवटचा माणूस मध्यरात्रीनंतर माथ्यावर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच मंडळी कड्यावर छायाचित्रे काढण्यात दंग होती, आणि त्या छायाचित्रांखाली रात्रीचा उल्लेख नसणार याविषयी मला शंका नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की वाट गटातल्या सर्वांत कच्च्या माणसाकडे पाहून ठरवायची. त्याने याआधी काय चढले, कातळावर हात-पाय टेकवून चढण्याची त्याला सवय आहे का, एवढे विचारले की निम्मे प्रश्न सुटतात. उत्तर समाधानकारक नसेल तर पाचनई. याला काही मंडळी कमीपणा मानतात. त्यांनी तो खुशाल मानावा. नळीनेच जायचे असेल तर पावसाळा सोडावा, वाटाड्या घ्यावा, दगड सुटण्याच्या जागी एका वेळी एकानेच चढावे आणि सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी कातळटप्प्यांपाशी पोहोचावे.

दुसरी चूक खिरेश्वरच्या वाटेवर होते आणि तिचे कारण नेमके उलटे आहे: ही वाट सोपी समजली जाते. टोलार खिंडीच्या वरचा कातळ रेलिंगमुळे सुकर झाला आहे, आणि तो पार होताच लोक गड आला असे धरून चालतात. प्रत्यक्षात तिथून मंदिरापर्यंत टेकड्या, झाडी आणि सपाटीवरून बरेच चालायचे असते. बालेकिल्ल्याकडे जाणारी वाटही याच भागात फुटते, त्यात ढोरवाटांची भर पडते, आणि धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबतीही दिसत नाही. अशा वेळी पुढे जाऊन पाहू, असे म्हणणारा माणूस गटासाठी सर्वांत घातक ठरतो. चढताना अधूनमधून मागे वळायचे आणि वाटेत लागलेली झाडे, खुणेचे दगड आणि उतार पाहून ठेवायचे, ही माझी जुनी सवय आहे. शेवटची खात्रीची खूण सोडून पुढची सापडत नसेल तर मी त्या खुणेपाशी परत येतो आणि धुके विरळ होईपर्यंत तिथेच थांबतो. घाईच्या माणसांना ही वेळेची नासाडी वाटते.

पाण्याचा हिशेब वाटेवरच्या झऱ्यांच्या भरवशावर करू नये. हिवाळा सरला की नळीत पाण्याची खात्री धरता येत नाही. गुळगुळीत तळाचे बूट घरी ठेवावेत. नळीच्या वाटेने उतरण्याचा विचार नवख्यांनी मनातही आणू नये.

परतीची वाटही निघण्यापूर्वीच ठरलेली असावी. गाडी पाचनईला लावून हौसेने खिरेश्वरला उतरणाऱ्यांना गाडीपर्यंत पोहोचण्यासाठी डोंगराला मोठा वळसा घालावा लागतो. स्वतःची गाडी असेल तर जिथून चढलो तिथेच उतरावे. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरायचेच असेल तर एसटीने यावे आणि गड उतरताना खिरेश्वरची वाट धरावी, कारण तिथून खुबी फाटा गाठला की माळशेज घाटाच्या रस्त्याने कल्याण किंवा आळेफाट्याकडे जाणारी गाडी मिळते. मात्र शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशीच आगारात विचारून घ्यावी.