पोरगं हाताबाहेर गेलंय? निदान या चुका टाळा

आमचा थोरला २४ वर्षांचा. सांगलीतला डिप्लोमा अर्धवट टाकून घरी आला. आधी मोबाइलवर रमी, मग हरलेलं विसरायला दारू. तासगाव तालुक्यातली आमची द्राक्षबाग जेवढी निगा मागत नाही, तेवढी या पोराने मागितली. चार वर्षांत मी काय काय चुकलो, ते लिहितोय.

कर्ज फेडून टाकणं

पहिले चाळीस हजार बेदाणा विकून आलेल्या पैशातून भरले. "एवढ्या वेळचं भरतो, परत नाही." दुसऱ्यांदा लाखाच्या वर गेलं, तिसऱ्यांदा पीककर्जाला हात घातला. भरलं की घरात चार दिवस शांतता. मला वाटायचं, पोराला वाचवलं. खरं तर वाचवत होतो माझी अब्रू. वसुलीवाला दारात येऊन बोंबलला तर भावकी काय म्हणेल, याचीच धास्ती. पोरगं एवढंच शिकलं, की आबा भरतात.

आता जेवण, अंथरूण, दवाखाना आमच्याकडे. रोख नाही, उधारी फेडणं नाही. आणि हे दोघांच्या तोंडून एकच आलं पाहिजे. आमच्याकडे मी नाही म्हटलं, की हिच्या डाळीच्या डब्यातून पाचशे निघायचे.

चोरून औषध घालणं

ही आमची सगळ्यात मोठी चूक. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्हीही वाचल्या असतील. एका ओळखीच्याने पुडी आणून दिली, वर नाव ना गाव. हिने ती वांग्याच्या भाजीत घातली. रात्री पोरगं पिऊन आलं आणि तासाभरात तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. मिरजेला नेईपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं औषध असतं. ते पोटात असताना दारू प्यायली, तर दारूचं शरीरातलं विघटन अर्ध्यात अडतं आणि विषारी घटक साचतो. प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून ते रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटाला निदान १२ तास उलटल्यावरच सुरू करतात. बिननावाच्या पुडीत काय असेल, याचा तर भरवसाच नाही.

शरीर सावरलं, विश्वास गेला. पुढे तीन आठवडे तो घरात फक्त स्वतः सोललेली उकडलेली अंडी खायचा. हिने वाढलेल्या ताटाकडे बघायचा नाही.

मळ्यात कोंडणं

"आठ दिवस कोंडा, आपोआप उतरेल," असं सांगणारे पाव्हणे प्रत्येक घरात असतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो. यात माणूस दगावतो. हे काम दवाखान्याचं. सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेला मानसोपचार विभागात दाखवा. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणार असाल, तर आधी स्वतः जाऊन खोल्या बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. 'आम्ही उचलून नेतो' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करा.

लग्न लावून देणं

दुसऱ्याची लेक हे औषध नव्हे. पुढे बोलायची गरज नाही.

विचारायला घाबरणं

"जगू नये असं मनात येतं का रे?" हा प्रश्न माझ्या ओठावर महिनाभर अडकला होता. वाटायचं, विचारलं तर नको ते डोक्यात भरेल. तसं होत नाही. विचारल्याने उलट वाट मोकळी होते. तो "कधीकधी" म्हणाला. त्याच संध्याकाळी बागेवर फवारायची सगळी औषधं भावाच्या गोदामात हलवली, किल्लीही भावाकडेच ठेवली. शेतकऱ्याच्या घरात याला पर्याय नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्याने लावला नाही, तर आईबापांनी लावावा. आणि काही बरंवाईट घडलंच, तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. त्याच २०१७ च्या कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखालचा मानलंय, शिक्षेचा धनी नव्हे.

सगळ्यांपासून लपवणं

कुणी विचारू नये म्हणून हिने भजन सोडलं, शुगरची गोळी चुकवायला लागली. शेवटी एक दिवस नणंदेपुढे सगळं ओकली. नणंद म्हणाली, "वहिनी, आमच्या धाकट्याचं मी कुणाला सांगितलंय?" त्या रात्री दोघी बारा वाजेपर्यंत बोलत होत्या.

गेल्या ऑक्टोबर छाटणीला पोरगं दहा दिवस बागेत राबलं आणि अकराव्या रात्री पिऊन आलं. प्यायलेल्याशी वाद घालायचा नाही, एवढं मी शिकलोय. ताट झाकून ठेवलं आणि झोपलो. सकाळी त्यानेच विचारलं, "आबा, मिरजेला मंगळवारीच जायचंय ना?"