समुद्रकाठच्या माणसांचं चित्र पाहताना या चुका टाळा

पिकासोचं १९०३ सालचं ‘द ट्रॅजेडी’ हे चित्र (समुद्रकाठी उभे एक बाई, एक पुरुष आणि एक मुलगा) पडद्यावर आलं, की पुण्यातल्या रसग्रहणाच्या वर्गात पहिलं उत्तर ठरलेलं असतं : निळा रंग म्हणजे दुःख. दुसरं, समुद्र म्हणजे अथांगता. झालं, चित्र संपलं! त्या तिघांकडे तोवर कुणी नीट पाहिलेलंही नसतं.

रंगाचा अर्थ असा कोशातून काढायला जाऊ नका. निळा आपल्या कृष्णाचाही रंग आहे, तिथे तो उदास करत नाही. इथे करतो, कारण कपडे, वाळू, पाणी, आभाळ सगळं एकाच निळ्यात बुडालंय आणि उबदार रंग जवळपास शिल्लकच नाही. ऊन म्हणजे आनंद, हेही तसंच फसवं. स्पॅनिश चित्रकार होआकिन सोरोयाच्या १८९९ सालच्या ‘सॅड इनहेरिटन्स’ या चित्रात स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरची मुलं उन्हात उभी आहेत; पण काहींच्या हातात कुबड्या आहेत.

मग पाहायचं काय? अंग. ‘द ट्रॅजेडी’तली बाई आणि पुरुष समोरासमोर आहेत, पण दोघांच्या माना खाली. हात स्वतःच्याच अंगाशी घट्ट आवळलेले. थंडीमुळे की बोलणं संपल्यामुळे, चित्र सांगत नाही. तिघेही अनवाणी. हात मोकळे आहेत ते फक्त मुलाचे. त्याचा हात आधी बोटांनी झाका, मग उघडा. चित्राचा सूर किती बदलतो, ते स्वतः अनुभवा. माझ्या मते या चित्राचा जीव त्या हातात आहे, निळ्यात नाही.

आणि हे कुटुंबच आहे असं गृहीत धरू नका. ‘आई-बाप-मूल’ म्हटलं की आपण लगेच गोष्ट रचतो, पाहणं थांबतं.

चरित्राचा आधार जपून घ्या. पिकासोचा मित्र कासाजेमास याने फेब्रुवारी १९०१ मध्ये पॅरिसमध्ये आत्महत्या केली आणि त्यानंतरच पिकासोचा ‘निळा काळ’, म्हणजे प्रामुख्याने निळ्या रंगात चित्रं काढण्याचा काळ, सुरू झाला, हे खरं. पण या तिघांत तो मित्र शोधत बसणं व्यर्थ. इन्फ्रारेड तपासणीत रंगाखाली बैलझुंजीची जुनी रेखाटनं दिसली आहेत. तोही गुप्त संदेश समजू नका. हातात पैसा नसला की वापरलेल्याच फळीवर पुन्हा रंगवलं जायचं.

पुणेकरांचा समुद्र बहुधा दिवेआगर-हरिहरेश्वरच्या सहलीतला असतो, गजबजलेला. तो या चित्रात आणू नका. इथे समुद्र मागे, ओळखू येण्यापुरता आहे.

एक साधी गोष्ट राहतेच. मोबाईलचा नाइट मोड बंद करा. पिवळटपणा चढला की हा निळा हिरवट दिसतो. रंगीत झेरॉक्सवरून तर मूडबद्दल काही लिहूच नका. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, त्यांच्या संकेतस्थळावरचं छायाचित्र मोठ्या पडद्यावर पाहा.