इथाइल ॲसिटेटचा ड्रम निर्यातीसाठी कसा भरावा आणि बांधावा

निर्यातीसाठी धोकादायक रसायन बांधायचे म्हटले की बहुतेक कारखान्यांत पहिली चर्चा ड्रम कोणता घ्यायचा याची होते. खरे तर आधी माल कोणत्या वर्गात मोडतो ते ठरते, मग त्याचा धोका किती तीव्र आहे ते ठरते, आणि या दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या की ड्रमच्या निवडीत फारसे मतभेद उरत नाहीत. हा क्रम स्पष्ट व्हावा म्हणून पुढे एकच उदाहरण घेतले आहे : महाडच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी ड्रमांत भरून न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जाणारे इथाइल ॲसिटेट. शाई, रंग आणि चिकटद्रव्यांच्या उद्योगात हे द्रावक सर्रास वापरले जाते.

वर्गीकरणासाठी मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा, म्हणजे एमएसडीएसचा, चौदावा विभाग उघडावा. इथाइल ॲसिटेटचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीतील क्रमांक ११७३ आहे आणि वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. वर्ग ३ मधील मालाचा पॅकिंग गट, म्हणजे धोक्याच्या तीव्रतेची पायरी (गट १ सर्वांत तीव्र), दोन आकड्यांवरून निघतो. उकळणे ३५ अंश सेल्सियसला किंवा त्याआधीच सुरू होत असेल तर गट १. त्याहून वर असेल आणि ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ लागते तो, २३ अंशांच्या खाली असेल तर गट २. ज्वलनांक २३ ते ६० अंशांच्या दरम्यान असेल तर गट ३. इथाइल ॲसिटेटचा ज्वलनांक उणे ४ आणि उत्कलनांक ७७ अंश असल्याने ते गट २ मध्ये बसते. शुद्ध रसायनाच्या बाबतीत हे सोपे आहे. परंतु त्यात दुसरे द्रावक मिसळून थिनर तयार केले असेल तर मूळ पुरवठादाराचे पत्रक उपयोगाचे नाही, मिश्रणाचा ज्वलनांक प्रयोगशाळेत काढून घ्यावाच लागतो. इंटरनेटवरून उतरवलेले कुणाचे तरी पत्रक जोडून देण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते, ती बंदरावर माल अडकण्यापलीकडेही महागात पडू शकते.

आता ड्रम. प्रमाणित ड्रमवर संयुक्त राष्ट्रसंघाच्या चिन्हापुढे १ए१/वाय१.४/२००/२५/आयएनडी अशा स्वरूपाची ओळ उमटवलेली असते, अर्थात प्रत्यक्षात रोमन लिपीत. १ए१ म्हणजे वरचे झाकण निघत नाही असा पोलादी ड्रम. झाकण निघत असते तर तेथे १ए२ आले असते. ‘वाय’ हे अक्षर गट २ आणि ३ साठी चालते, ‘एक्स’ तिन्ही गटांसाठी आणि ‘झेड’ फक्त गट ३ साठी. १.४ ही द्रवाची सापेक्ष घनता आहे, जिच्यापर्यंत ड्रमची चाचणी झालेली आहे; आपल्या मालाची घनता सुमारे ०.९ असल्याने तेथे अडचण नाही. २०० हा जलदाब चाचणीतील दाब किलोपास्कलमध्ये, २५ हे उत्पादनाचे वर्ष आणि शेवटी देशाचे अक्षरचिन्ह, ज्याच्या पुढे उत्पादकाची ओळख असते. समुद्रमार्गासाठी भारतात हे प्रमाणपत्र नौवहन महासंचालनालयाच्या अधिकाराने मुंबईच्या अंधेरीतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग ही संस्था चाचण्यांनंतर देते. ड्रम घेताना केवळ छाप पाहून समाधान मानू नये. प्रमाणपत्राची प्रत मागून त्यावरील रचना आणि हातातला ड्रम एकच आहेत ना, हे ताडून पाहावे.

भरताना एक गोष्ट पक्की धरावी : ड्रम लिटरने नव्हे, वजनाने भरावा. नियम असा आहे की ५५ अंश तापमानालासुद्धा द्रवाने ड्रम पूर्ण भरता कामा नये, आणि इथाइल ॲसिटेट दर अंशाला सुमारे ०.१४ टक्क्याने फुगते. समजा ड्रमची काठोकाठ क्षमता २१६ लिटर आहे. त्यात १८० किलो माल घातला तर २५ अंशांना तो साधारण २०१ लिटर जागा व्यापतो, आणि ५५ अंशांना २०९ ते २१० लिटर. म्हणजे सहा लिटरच्या आसपास जागा शिल्लक राहते. हाच ड्रम कोणी पहाटेच्या गारव्यात डोळ्यांच्या अंदाजाने गळ्यापर्यंत भरला, तर दुपारी कंटेनर तापल्यावर द्रवाला जायला जागा उरत नाही आणि तो बंगच्या, म्हणजे ड्रमच्या तोंडावरील आट्यांच्या बुचाच्या, आट्यांमधून वाट काढतो. वजनकाट्यावर भरल्याने सकाळ-दुपारचा फरक आपोआप निघून जातो.

भरण्यापूर्वी ड्रम, भरण्याची नळी आणि काटा यांना भूसंपर्क (अर्थिंग) जोडावा. नळी ड्रमच्या तळापर्यंत न्यावी, आणि तिचे तोंड द्रवात बुडेपर्यंत प्रवाह सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त वेगाने सोडू नये, कारण वरून पडणारा द्रव स्थिर विद्युत निर्माण करतो आणि या रसायनाची वाफ खोलीच्या तापमानाला ठिणगीची वाटच पाहत असते. रंग लावलेल्या ड्रमवर भूसंपर्काचा चिमटा नुसता टेकवून उपयोग नाही, त्याचे दात रंग खरवडून धातूपर्यंत पोहोचले पाहिजेत.

आणि आता बंग, ज्याकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रमाणपत्र रिकाम्या ड्रमला मिळत नाही. ठरावीक बंग, ठरावीक गॅस्केट (बंगखालची गळतीरोधक चकती) आणि ठरावीक टॉर्क (आवळण्याचा जोर) वापरून बंद केलेल्या ड्रमला मिळते. म्हणूनच उत्पादकाने बंद करण्याच्या लेखी सूचना ग्राहकाला देणे अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ते पत्रक खरेदी विभागाच्या फाइलमध्ये राहते आणि भरणीवरचा कामगार साध्या पान्याने ‘हाताला घट्ट लागेपर्यंत’ आवळतो. त्याऐवजी भरणीच्या जागी टॉर्क पाना ठेवावा, दोन इंची आणि पाऊण इंची बंगचे आकडे वेगवेगळे असतात म्हणून ते तेथेच भिंतीवर लावावेत, आणि पान्याचे अंशशोधन वेळेवर करून घ्यावे. गॅस्केटचेही तसेच आहे. इथाइल ॲसिटेट नायट्राइल रबराला फुगवते आणि व्हायटॉन या रबरालाही मानवत नाही, त्यामुळे टेफ्लॉनसारखा टिकणारा पदार्थ लागतो. पण आपल्या मर्जीने गॅस्केट बदलला तर ड्रम प्रमाणित रचनेतला राहत नाही. योग्य गॅस्केटसह चाचणी झालेलाच ड्रम मागवावा. बंद केलेले ड्रम लगेच लोड न करता एक रात्र वेगळे ठेवून सकाळी बंगभोवती ओल किंवा वास आहे का, हे पाहिलेले बरे.

गळतीचे गांभीर्य कळण्यासाठी एक्स-प्रेस पर्ल या जहाजाची आठवण पुरेशी आहे. त्यावरील एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत असल्याचे प्रवासातच लक्षात आले होते, कतारमधील हमाद आणि गुजरातमधील हजिरा या बंदरांनी तो कंटेनर उतरवून घेतला नाही, आणि मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ जहाजाला आग लागून पुढच्या महिन्यात ते बुडाले. येथे एक अवांतर सूचना : प्लास्टिकचे ड्रम उत्पादनापासून पाच वर्षेच वापरता येतात, आणि ५५ टक्क्यांहून तीव्र नायट्रिक आम्लासाठी तर दोनच वर्षे, तेव्हा आम्ल पाठवणाऱ्यांनी ड्रमवरील महिना-वर्ष आधी वाचावे.

प्रत्येक ड्रमवर ज्वाळेचे चिन्ह असलेले वर्ग ३ चे लाल चौकटी लेबल, किमान १०० बाय १०० मिलिमीटरचे, तसेच मालाचे अधिकृत नाव आणि किमान १२ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत क्रमांक हवा. ही सर्व माहिती ड्रमच्या अंगावर असावी, वरच्या चकतीवर नव्हे, कारण थरावर थर आला की चकती झाकली जाते. समुद्राच्या पाण्यात तीन महिने राहूनही ती वाचता आली पाहिजे, अशी अट असल्याने कार्यालयीन प्रिंटरचा साधा कागद येथे चालत नाही.

वीस फुटी कंटेनरमध्ये असे ८० ड्रम दोन थरांत बसतात. आत खिळे, ओल किंवा आधीच्या मालाचे अवशेष नाहीत हे पाहून भरणी सुरू करावी, दोन थरांमध्ये प्लायवूड घालावे आणि दाराकडील रांग पट्ट्यांनी आवळावी. रस्त्यावरच्या जोरदार ब्रेकला माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे ढकलला जातो असे गृहीत धरून आधार द्यावा लागतो. मोकळी फट राहिली तर हा जोर ड्रमच्या कडांवर येतो. वर्ग ५.१ चे ऑक्सिडीकारक पदार्थ याच कंटेनरमध्ये चालत नाहीत. बाहेरून चारही बाजूंना वर्ग ३ चे चिन्ह असलेली २५० मिलिमीटरची फलके लावावीत, आणि एकाच मालाचे वजन चार टनांवर जात असल्याने ११७३ हा क्रमांकही ठळक दिसला पाहिजे.

बंदरापर्यंतच्या रस्त्याला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ लागू होतात. वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक आणि चालकाच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे वाहतुकीतील आपत्कालीन सूचनांचे पत्रक, हवे. चालकाला मालाची लेखी माहिती देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे. नियम ९ नुसार चालकाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण झालेले असावे आणि तशी नोंद त्याच्या परवान्यावर असावी. ती नोंद गाडी गेटमधून आत येतानाच तपासावी. माल चढल्यावर तपासली तर ‘या वेळी जाऊ द्या’ असा आग्रह हमखास होतो.

धोकादायक मालाच्या घोषणापत्रात क्रमांक, अधिकृत नाव, वर्ग आणि पॅकिंग गट याच क्रमाने लिहावेत, ज्वलनांक नमूद करावा, आणि ड्रमची संख्या व वजन कंटेनर भरणी प्रमाणपत्राशी जुळते का ते पाहावे. या कागदांची प्रत किमान तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्याच फाइलमध्ये त्या दिवशीचे टॉर्कचे आकडे, ड्रमच्या प्रमाणपत्राची प्रत आणि कंटेनरचे दार बंद करण्यापूर्वी काढलेले छायाचित्रही ठेवावे.