मासिकांच्या टपाल-सोडतीत भाग घ्यावा का, आणि घ्यायचाच असेल तर कसा

अमेरिकेतल्या घरांच्या टपालपेटीत अनेक दशके येत राहिलेल्या त्या जाड पाकिटावर आपले नाव ठळक छापलेले असते, त्याच्या शेजारी कोट्यवधी डॉलरचा आकडा असतो आणि आत मासिकांची चित्रे असलेली, डिंक लावलेली छोटी तिकिटे असतात. पब्लिशर्स क्लिअरिंग हाऊस ही मासिकांच्या वर्गण्या विकणारी कंपनी १९५३ साली निघाली आणि १९६७ पासून तिने या विक्रीला बक्षिसांच्या सोडतीची जोड दिली. रीडर्स डायजेस्ट आणि अमेरिकन फॅमिली पब्लिशर्स यांचीही हीच रीत होती. धंदा वर्गण्या विकण्याचा आहे आणि सोडत ही त्याची जाहिरात आहे, हे ध्यानात ठेवून पाकीट उघडावे.

सर्वप्रथम 'जर' शोधावा. 'आपण विजेते आहात' हे शब्द ठसठशीत असतात. 'विजेता क्रमांक आपल्याकडे असेल आणि तो आपण मुदतीत परत पाठवलात तर' हा त्याच वाक्याचा अर्धा भाग मात्र बारीक टाइपात दडलेला असतो. हा खेळ निरुपद्रवी नव्हता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन फॅमिली पब्लिशर्सचे पत्र खरे मानून काही वयोवृद्ध माणसे बक्षीस घेण्यासाठी विमानाने फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरी जाऊन पोहोचली होती.

मग नियमांचे पान काढून शक्यता वाचावी. हे पान सहसा सर्वांत पातळ कागदावर आणि सर्वांत फिक्या शाईत असते, तरी पाकिटातला सर्वांत प्रामाणिक मजकूर तोच. पब्लिशर्स क्लिअरिंग हाऊसच्या मोठ्या बक्षिसाची शक्यता सहा अब्जांत एक याहूनही कमी असल्याचे तिच्याच नियमांत छापलेले असे. बक्षीस १ कोटी डॉलरचे धरले आणि त्याला ६ अब्जांनी भागले, तर एका प्रवेशिकेचे सरासरी मोल एका सेंटच्या सहाव्या हिश्शाइतके भरते. पत्राचे साधे टपाल तिकीट जुलै २०२५ मध्ये ७८ सेंटांचे झाले, म्हणजे खर्च मोलाच्या साडेचारशे पटींहून अधिक. जिंकलेल्या रकमेवर आयकर लागतो, तो वेगळाच. केवळ हिशेबापुरते बोलायचे तर प्रवेशिका पाठवू नये. गंमत म्हणून महिन्याकाठी एक तिकीट खर्च करणाऱ्याशी मात्र वाद घालण्याचे कारण नाही.

पाठवायचीच असेल तर काहीही विकत न घेता पाठवावी. १९९९ साली अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यानुसार अशा टपालात 'खरेदीची आवश्यकता नाही' आणि 'खरेदीने जिंकण्याची शक्यता वाढत नाही' हे स्पष्ट छापावेच लागते. मासिकाची मागणी करणाऱ्यांसाठी एक आणि न करणाऱ्यांसाठी दुसरे पाकीट दिलेले असेल, तर दुसरे वापरताना कचरण्याचे कारण नाही. धनादेशासारखा दिसणारा कागद निघाला, तर त्याला रोख मूल्य नसल्याची ओळ त्यावर शोधावी.

प्रवेशिकेवर नाव आणि पत्ता यांपलीकडे काही लिहू नये. वय, फोन क्रमांक, आवडीनिवडी हे रकाने यादी विकणाऱ्यांच्या कामाचे असतात, आणि एकदा यादीत गेलेले नाव इतर सोडतवाल्यांची पाकिटे खेचून आणते.

जिंकल्याचे कोणी कळवले, तर पैसे कोणाकडून कोणाकडे जात आहेत ते पाहावे. खऱ्या सोडतीत विजेत्याला बक्षीस मिळण्यापूर्वी शुल्क, विमा किंवा कर यांपैकी काहीच आयोजकाकडे भरावे लागत नाही. नामांकित कंपनीच्या नावाने खोटा धनादेश पाठवून, तो बँकेत भरायला लावून, त्यातलीच काही रक्कम 'करापोटी' परत मागणे ही भामट्यांची जुनी रीत आहे. काही दिवसांनी धनादेश खोटा ठरतो आणि बँक सगळी रक्कम खातेदाराकडून वसूल करते. असे पत्र फाडून न टाकता पाकिटासह अमेरिकी टपाल खात्याच्या तपास विभागाकडे द्यावे.

खऱ्या बक्षिसाचीही शाश्वती मर्यादितच असते. पब्लिशर्स क्लिअरिंग हाऊसने एप्रिल २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, कंपनी विकली गेली आणि नव्या मालकाने पूर्वीच्या विजेत्यांची देणी आपल्यावर घेतली नाहीत. त्यामुळे आयुष्यभर हप्ते मिळतील या भरवशावर बसलेल्यांचे हप्ते थांबले. हप्त्यांचे बक्षीस हे शेवटी एका कंपनीने दिलेले वचन असते.

नको असेल तर यादीतून नाव काढून घ्यावे. हा हक्क त्याच १९९९ च्या कायद्याने दिलेला आहे आणि त्यासाठीचा पत्ता किंवा फोन क्रमांक टपालातच छापलेला असतो. घरातल्या वृद्धांच्या टेबलावर एकाच मासिकाचे दोन-दोन अंक किंवा न वाचलेल्या अंकांची चळत दिसू लागली, तर त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने नाव काढण्याचे पत्र लवकर पाठवावे. पत्रात नाव पाकिटावरच्या लेबलावर आहे तसेच, स्पेलिंगच्या चुकीसकट लिहावे आणि शक्य तर ते लेबलच कापून चिकटवावे. कारण नावाची दोन स्पेलिंगे यादीत दोन वेगळी माणसे म्हणून नोंदलेली असू शकतात आणि मग एकाचे टपाल थांबले तरी दुसऱ्याचे येतच राहते.