आयात केलेली जर्मन बिअर ताजी आहे का? तारीख वाचताना या चुका टाळा

पुण्यातल्या एका वाइन शॉपमधून मी बव्हेरियातील गव्हाची बिअर घेतली, तेव्हा आयातदाराचे पांढरे स्टिकर मागच्या लेबलवर असे चिकटवलेले होते की ब्रुअरीने छापलेली मूळ तारीख नेमकी त्याखाली गेली होती. स्टिकरवर तीन महिन्यांपूर्वीचा महिना होता आणि बिअर त्याच महिन्यात भरली असावी असे समजून मी निर्धास्त झालो. घरी बाटली कोमट पाण्यात बुडवून स्टिकर सोलले, तर मुदत संपायला जेमतेम पाच आठवडे उरले होते. स्टिकरवरचा महिना आयातीचा होता.

यात बेकायदा काहीच नव्हते. आपल्याकडे आयात होणाऱ्या खाद्यपेयांची बंदरावर मंजुरीच्या वेळी किमान 60 टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जी कमी भरेल तितकी मुदत शिल्लक असावी लागते. बारा महिन्यांची मुदत असलेली बिअर त्यामुळे नऊ महिन्यांची होऊन न्हावाशेवाला उतरली तरी नियमात बसते. स्टिकरवर आयातीचा महिना आहे की उत्पादनाचा, हे आधी पाहावे आणि मूळ छापील तारीख दिसत नसेल तर दुसरी बाटली मागावी.

त्याहून सर्रास होणारी चूक म्हणजे मूळ तारखेलाच बाटलीत भरल्याची तारीख मानणे. जर्मन बाटलीवर ‘मिन्डेस्टन्स हाल्टबार बिस’ असे शब्द असतात आणि त्यांचा अर्थ ‘किमान या दिवसापर्यंत टिकेल’ एवढाच आहे. दहा टक्क्यांहून कमी अल्कोहोल असलेल्या पेयावर अशी तारीख देणे युरोपीय संघाच्या नियमानुसार बंधनकारक आहे. भरल्याची तारीख देणे मात्र बंधनकारक नाही. ‘आबगेफ्युल्ट आम’, म्हणजे ‘या दिवशी भरली’, असे शब्द दिसले तर ते नशीबच समजावे. मुदत किती ठेवायची हे ब्रुअरी ठरवते: कोणी सहा महिने देते, तर कोणी वर्षभर. त्या विशिष्ट बिअरची मुदत ब्रुअरीकडून एकदा विचारून घेतली की छापील तारखेतून तेवढे महिने वजा करून भरल्याचा सुमार काढता येतो. मुदत तीन ते अठरा महिन्यांची असेल तर केवळ महिना आणि वर्ष छापणेही नियमाला चालते, आणि तिथे ‘बिस एन्डे’ म्हणजे त्या महिन्याच्या अखेरपर्यंत.

जर्मनीत दिवस आधी आणि महिना नंतर लिहितात, आपल्यासारखेच. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र 07.08 हा आकडा 7 ऑगस्ट की 8 जुलै, असा प्रश्न पडतो. शेजारच्या बाटल्यांपैकी एखादीवर बारापेक्षा मोठा आकडा सापडला की क्रम उलगडतो. रोमन ‘एल’ अक्षराने सुरू होणारा आकडा हा खेपेचा क्रमांक असतो. काही ब्रुअरी त्यात वर्षातील कितवा दिवस ते तीन अंकांत लिहितात, म्हणजे 135 असल्यास लीप वर्ष नसताना 15 मे. पण प्रत्येक ब्रुअरीची पद्धत वेगळी असल्याने यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. काही लेबलांच्या कडेला दिवसांचे आणि महिन्यांचे आकडे छापून योग्य जागी खाच पाडलेली असते. तीही बहुधा मुदतीचीच खूण. काचेच्या तळाशी उठावात असलेले आकडे मात्र बाटली बनवणाऱ्याचे असतात, बिअरशी त्यांचा संबंध नाही. आणि लेबलवरचा 1516 हा जर्मन बिअरच्या शुद्धतेच्या कायद्याचा सन आहे, हे सांगावे लागू नये; तरीही त्याला ताजेपणाचे प्रमाणपत्र मानणारे भेटतात.

तारीख अचूक वाचली तरी ती प्रवास सांगत नाही. बिअर व्यवसायात एक ढोबळ आडाखा वापरतात: 32 अंश सेल्सिअसला तीन दिवस, 22 अंशांना तीस दिवस आणि 3 अंशांना तीनशे दिवस, यांत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. शीत कंटेनरशिवाय आलेली आणि नंतर एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात पडलेली बिअर म्हणूनच मुदतीच्या आतही शिळी लागते. तेव्हा ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि मनुकांसारखी बोथट गोडी जाणवते. याउलट, फ्रिजमधून काढलेली बाटली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली की बिअर बिघडते, हा समज चुकीचा आहे. घात करते ती उष्णता, पुन्हा गार करणे नव्हे.

हिरव्या काचेचा तोटा वेगळा आहे. प्रकाशाने हॉप्समधील, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधील, कडू घटक तुटतात आणि गंधकयुक्त उग्र वास येतो. थेट उन्हात याला काही मिनिटे पुरतात. तपकिरी काच यापासून बऱ्यापैकी वाचवते. ट्यूबलाइटखाली रांगेत मांडलेली हिरवी बाटली घेण्यापेक्षा मागच्या बंद खोक्यातली मागावी. दुकानदार जरा कुरकुरतो, पण देतो.

गव्हाच्या बिअरमध्ये डोळ्यांनीही पारख होते. हेफेवाइत्सन, म्हणजे यीस्ट न गाळता भरलेली गव्हाची बिअर, ढगाळच असायला हवी, म्हणून गढूळपणाला घाबरून परत करणे चूक आहे. उलट बाटली उभी धरल्यावर वरचा भाग आरपार स्वच्छ दिसला, तळाशी यीस्टचा थर घट्ट बसला आणि बाटली हलक्या हाताने फिरवल्यावर तो धुरासारखा न उठता तुकड्या-तुकड्यांनी सुटला, तर ती बराच काळ उभी होती असे समजावे. अशा बिअरमध्ये केळ्यासारखा आणि लवंगेसारखा सुगंध विरलेला असतो. ‘क्रिस्टाल’ प्रकार मुळात गाळलेला असल्याने त्याला ही कसोटी लावू नये.

डॉपेलबॉकसारखी गडद, जड बिअर मात्र थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवली तर पिल्सपेक्षा, म्हणजे फिकट, कडसर बिअरपेक्षा, बरीच अधिक टिकते. माझ्यापुरता नियम असा, की पिल्सची निम्मी मुदत सरली असेल तर ती घ्यायची नाही. डॉपेलबॉकची मुदत सरत आली असली आणि दुकानदार किंमत उतरवत असला, तर बाटली कुठे ठेवली होती ते विचारून घ्यायची.