वय बघून बाजूला सारतायत असं वाटतंय? मग आधी राजीनामा लिहू नका

वय झालं म्हणून काढतोय असं तोंडावर कोणीच बोलत नाही. ठाणे-नवी मुंबईत ऐरोलीचं आयटी पार्क असो, महापे असो नाहीतर वागळे इस्टेटमधलं छोटं युनिट, वाक्यं ठरलेली असतात, "टीममध्ये फ्रेश एनर्जी हवीय", "या रोलला तुमचं पॅकेज बसत नाही", "आता जरा घरी वेळ द्या की". एखाद्या टोमण्यावरून लगेच भेदभाव म्हणू नका आणि पोरं काका म्हणतात तेही मनावर घेऊ नका. बघायचं ते हे, की एकामागून एक काय काय घडतंय. वर्षानुवर्षं तुम्हीच सांभाळलेल्या क्लायंटच्या कॉलचं इन्व्हाइट बंद होतं, नवीन सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगच्या यादीत पस्तिशीच्या आतलेच दिसतात, केटी करून, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवून, सगळं काम ज्युनिअरला द्यायला लावतात पण बदल्यात तुम्हाला काहीच मिळत नाही, आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे इतकी वर्षं चांगलं असलेलं अप्रेझल एकदम घसरतं आणि पाठोपाठ पीआयपी, म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवा असं लेखी पत्र, येतो. आपल्याबरोबर अजून कोणाचं असं चाललंय आणि त्यांची वयं काय आहेत तेही बघा.

आता कायद्याचं. आपल्याकडे प्रायव्हेट नोकरीत वयावरून भेदभाव करू नये असं सांगणारा वेगळा कायदा नाही. घटनेतलं कलम १४ आणि १६ सरकारी नोकरीत कामाला येतं, प्रायव्हेट कंपनीवर थेट लागत नाही. अमेरिकेत १९६७ पासून चाळीशी ओलांडलेल्यांसाठी असा कायदा आहे, पण कंपनी अमेरिकन आहे म्हणून ऐरोलीत बसणाऱ्या भारतीय माणसाला तो लागू होत नाही. तरी अशा कंपन्यांच्या कोड ऑफ कंडक्टमध्ये बऱ्याचदा वयाचा उल्लेख असतो, तो शोधून वाचा, कारण एथिक्स हॉटलाइनवर त्या ओळीचा हवाला देऊन केलेली तक्रार इथल्या मॅनेजरला सहजासहजी दाबता येत नाही.

म्हणजे आपली लढाई 'का काढलं' यापेक्षा 'कसं काढलं' यावर असते, आणि तिथेच लोक फसतात.

माझ्या ओळखीतले एक दादा, रबाळेला क्वालिटीमध्ये, पन्नाशी उलटलेली. शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग रूममध्ये बोलावलं, एचआरने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, राजीनाम्याचा मेल तयारच होता, खाली 'पर्सनल रीझन्स', फक्त सेंड दाबायचं बाकी. वर हेही की आत्ता दिलात तर रिलीव्हिंग लेटर क्लीन मिळेल, नाहीतर टर्मिनेशन लागेल. दादा म्हणाले, "चष्मा जागेवर राहिलाय, घरी नीट वाचून कळवतो," आणि उठले. रात्री मेल केला: "आज मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. माझी तशी इच्छा नाही. कंपनीला मला कमी करायचे असल्यास कारणासह लेखी कळवावे." बस, एवढंच, ना राग ना रडगाणं. सोमवारपासून बोलणी सुरू झाली.

ह्या तीन ओळींना वजन का आहे, तर राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वखुशीने गेलात, पण कंपनीने कमी केलं तर ती कामगार कपात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झालाय, त्यात किमान वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कारणासह एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शिवाय एका प्रकारच्या कामात साधारणपणे शेवटी लागलेल्याला आधी कमी करायचं असतं, उलटं केलं तर कारण नोंदवावं लागतं, म्हणजे जुन्या माणसाच्या बाजूचाच नियम आहे हा. खरोखर मॅनेजरचं काम करणाऱ्यांना हे मिळत नाही, पण नुसता हुद्दा मॅनेजरचा असला म्हणून लगेच माघार घेऊ नका, रोज प्रत्यक्ष काय काम करता ते बघितलं जातं.

म्हणून कागद आजपासून जमवा, संशय आला त्याच दिवशी. अपॉइंटमेंट लेटर (त्यात रिटायरमेंटचं वय दिलंय का बघा), सगळी अप्रेझल लेटर्स, पगाराच्या स्लिपा, व्हॉट्सॲपवरचे मेसेज. एक वही करा, तारीख, वेळ, कोण काय बोललं ते त्याच शब्दांत. क्लायंटचा डेटा किंवा कंपनीच्या गोपनीय फाइल्स स्वतःच्या जीमेलवर मात्र अजिबात पाठवू नका, त्यावरूनच काढतील आणि मग तुमची बाजू कोणी ऐकणार नाही. बॉसशी बोलणं झालं की साधा मेल टाका, "आपल्या बोलण्यानुसार मला या ट्रेनिंगमधून वगळलं आहे, पुढच्या बॅचमध्ये नाव घ्यावं ही विनंती." आणि ट्रेनिंग मिळालं तर मनापासून करा, कारण स्किल खरंच मागे पडलं असेल तर कुठलाच कागद फार काळ टिकवणार नाही.

आत काहीच हललं नाही तर ठाण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो, ते दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतात. काढल्याला दोन वर्षं व्हायच्या आत हालचाल करा. वकिलाची फी झेपत नसेल तर १५१०० या कायदेशीर मदतीच्या सरकारी हेल्पलाइनवर विचारा. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत कायदेशीर मदत मिळते.

पैसे घेऊन निघायचं ठरलंच तर घाईत सही नको. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काचीच आहे, ती पॅकेजमध्ये मिसळून आकडा फुगवलाय का ते तपासा. कंपनीचा मेडिक्लेम चालू असतानाच त्याच इन्शुरन्स कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारून घ्या, बीपी-शुगर असेल तर नवीन पॉलिसीत ती कव्हर व्हायला वर्षं जातात. आणि पीएफची पेन्शन पन्नाशीनंतर लगेच सुरू करू नका, ५८ च्या आधी घेतली तर प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कायमची कापली जाते.