लकवा झालेल्या माणसाला झोपवताना या चुका टाळा

आईची डावी बाजू गेली तेव्हा आम्ही एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरत राहणारी नळ्यांची गादी, भाड्याने घेतला, चार उशा आणल्या आणि सगळी तयारी झाली असं समजलो. तिसऱ्या आठवड्यात तिचा डावा खांदा इतका दुखू लागला की पोलक्याच्या बाहीत हात घालतानाही ती कळवळायची. उशा होत्या, पण कुठली उशी कशाला टेकू देतेय हे आमच्यापैकी कुणीच बघत नव्हतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून माणसाला वर ओढणं. लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात. नुसत्या हाताच्या वजनानेच हाड खोबणीतून खाली उतरू पाहतं, त्यात आपण हिसका द्यायचा! खांद्यापासून मांड्यांपर्यंत चादरीची दुहेरी घडी अंथरून ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी ती उचलून सरकवा. फरफटत नेलं तर कातडी गादीला धरून राहते, आतलं हाड पुढे जातं आणि माकडहाडापाशी जखमेची सुरुवात होते.

चांगल्या कुशीवर वळवल्यावर अधू हात छातीसमोर जाड उशीवर ठेवा, खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा. मनगट कडेवरून लोंबत राहिलं की सकाळी पंजा सुजलेला दिसतो. अधू कुशीवर झोपवायला लोक घाबरतात, पण ते चालतं. फक्त खालून हात घालून खांद्याचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, हलकेच पुढे घ्या, म्हणजे भार खांद्याच्या टोकावर येत नाही. फरा पाठीला सपाट लागला की नाही, हे मी अजूनही हाताने चाचपून बघते.

गुडघ्याखाली कायम उशी नको, गुडघा वाकलेलाच आखडतो. टाचांसाठी उशी पोटरीखाली द्या, टाच अधांतरी राहू द्या. व्यायाम म्हणून मुठीत स्पंजचा चेंडू देतात, त्याने बोटं आणखी आवळू शकतात. फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका.

एअर बेड घेतला म्हणजे कूस बदलायला नको, हा समज फार महागात पडतो. साधारण दर दोन तासांनी वळवायचंच, रात्रीसुद्धा. बेडवर मेणकापड, वर गोधडी, वर दोन चादरी असे थर चढवले तर हवेच्या नळ्यांचा उपयोग उरत नाही. एकच सुती चादर, सुरकुती नसलेली. पंप सुरू असताना माणसाच्या कुल्ल्याखाली, बेडच्या खालून तळहात घालून बघा. हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. कुल्ल्याखाली ठेवतात ती रबरी रिंग तर वापरूच नका, तिच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो.

वळवताना माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे उजेडात बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल, तर त्या बाजूवर पुन्हा भार देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का ते बघावं.

जेवल्याबरोबर आडवं करू नका, निदान अर्धा तास बसतं ठेवा. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलण्याआधी गुडघ्यांकडचा भाग तेवढ्यापुरता थोडा वर घ्या, म्हणजे माणूस घसरत नाही. पाणी प्यायल्यावर ठसका लागला किंवा आवाज ओलसर, घोगरा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.